रोजच्या वापरातील वस्तू आणि त्यांमागचे विज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानाच्या इतिहासातील टप्पे आपण सहसा एक नाव आणि एक साल अशा जोडीने लक्षात ठेवतो. प्रयोगशाळेत प्रथम साधलेली गोष्ट आणि लोकांच्या हाती आलेली वस्तू यांच्यामध्ये मात्र पुष्कळदा पाव शतक, कधी पूर्ण शतक गेलेले असते, आणि त्या काळात कोणी काय केले हे अशा जोडीतून कळत नाही. पुढील उत्तरांत या मधल्या काळाला जास्त जागा दिली आहे.

एखादा शोध अमुक एका दिवशी लागला, असे ठामपणे सांगता येते का?

क्वचितच सांगता येते. क्ष-किरणांच्या बाबतीत ते शक्य आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन काळ्या कागदाने झाकलेल्या निर्वात नळीतून वीज सोडत असताना काही अंतरावरचा रासायनिक लेप दिलेला पडदा चमकू लागल्याचे त्यांना दिसले. पुढचे काही आठवडे त्यांनी कोणालाही फारसे न सांगता प्रयोग केले, डिसेंबरमध्ये पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले, त्याच महिन्याच्या अखेरीस निबंध सादर केला, आणि १८९६ च्या सुरुवातीलाच डॉक्टर या किरणांच्या साहाय्याने मोडलेली हाडे पाहू लागले. दृष्टीस पडणे, तपासणे, प्रसिद्ध करणे आणि उपयोगात येणे हे सारे काही महिन्यांच्या आत घडले, कारण लागणारी नळी, वीजपुरवठ्याची साधने आणि छायाचित्रणाच्या काचा अनेक प्रयोगशाळांत आधीपासूनच होत्या. बहुतेक शोधांना अशी आयती तयारी लाभत नाही.

विजेच्या दिव्याचा शोध एडिसनने लावला, हे विधान चूक आहे का?

चूक म्हणण्यापेक्षा अपुरे म्हणावे. तार तापवली की ती प्रकाशते, हे हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी प्लॅटिनमच्या पट्टीतून वीज सोडून दाखवले होते. त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षे अनेकांनी असा दिवा बनवून पाहिला, आणि जवळजवळ प्रत्येकाची गाडी एकाच ठिकाणी अडली : काचेच्या फुग्यात थोडी जरी हवा राहिली तरी आतला तंतू जळून जाई. हेर्मान श्प्रेंगेल यांनी १८६५ मध्ये पाऱ्यावर चालणारा निर्वात पंप तयार केला, तेव्हा हा अडथळा दूर होण्याची शक्यता प्रथम निर्माण झाली. माझ्या मते विजेच्या दिव्याच्या इतिहासात या पंपाचे स्थान एडिसनच्या दिव्याइतकेच महत्त्वाचे आहे, तरी शालेय पुस्तकांत श्प्रेंगेल यांचे नाव सहसा सापडत नाही.

असा पंप हाताशी आल्यानंतर इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन हे दोघे जवळजवळ एकाच वेळी कार्बनच्या तंतूपर्यंत पोहोचले. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील १८७९ चा दिवा काही तास टिकला, आणि पुढे बांबूपासून केलेल्या तंतूमुळे दिव्याचे आयुष्य हजार तासांच्या पलीकडे गेले. एडिसन यांचे खरे वेगळेपण दिव्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेत दिसते. जास्त रोध असलेला तंतू वापरला तर कमी प्रवाहावर काम भागते आणि तांब्याच्या तारा बारीक ठेवता येतात, हा हिशेब त्यांनी आधी मांडला आणि मग जनित्र, जमिनीखालील तारा, वितळतार व वीज मोजणारे मीटर यांसह संपूर्ण जाळे उभे केले. न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील त्यांचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. ग्राहकाला विकत घेता येणारा प्रकाश त्या दिवसापासून तिथे मिळू लागला, आणि एखादी तारीख पाठच करायची असेल तर मी हीच सुचवेन.

आपल्या पिढीने पाहिलेला टंगस्टनचा दिवा त्यानंतरचा आहे. ठिसूळ टंगस्टनची तार ओढण्याची कृती विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास बसवली, आणि १९१३ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी फुग्यात निष्क्रिय वायू भरून तंतूची झीज कमी केली.

टेलिफोनच्या श्रेयाचा वाद नेमका काय आहे?

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि एलिशा ग्रे या दोघांचे कागद १४ फेब्रुवारी १८७६ या एकाच दिवशी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात दाखल झाले. बेल यांना ७ मार्चला पेटंट मिळाले आणि १० मार्चला त्यांच्या यंत्रातून समजण्याजोगे शब्द ऐकू गेले. त्याआधी जर्मनीत योहान फिलिप राइस यांनी १८६१ मध्ये तारेतून सूर पाठवले होते, तर अँतोनियो मेउची यांनी १८७१ मध्ये आपल्या कल्पनेची प्राथमिक नोंद केली होती. ती त्यांना पुढे चालू ठेवता आली नाही. एकाच समस्येवर अनेक ठिकाणी काम चालू असणे हे त्या काळाचे सामान्य लक्षण होते. तारायंत्रामुळे तारा, विद्युतघट आणि ते हाताळणारे कुशल लोक सर्वत्र तयार झालेले होते.

आधी विज्ञान आणि मग तंत्रज्ञान, असाच क्रम नेहमी असतो का?

नाही, आणि हा गैरसमज विशेष काळजीपूर्वक दूर करायला हवा, कारण त्यामुळे कारागिरांचे बौद्धिक योगदान आपल्या नजरेआड होते. थॉमस न्यूकोमेन हे लोखंडी सामानाचे व्यापारी व कारागीर होते. खाणीतले पाणी उपसणारे त्यांचे वाफेचे इंजिन १७१२ मध्ये सुरू झाले, तेव्हा उष्णता म्हणजे काय याविषयी कोणाकडेही समाधानकारक सिद्धांत नव्हता. जेम्स वॉट यांना १७६५ मध्ये वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र ठेवण्याची कल्पना सुचली आणि १७६९ मध्ये तिचे पेटंट मिळाले. तरी उद्योगाच्या कामाचे इंजिन उभे राहायला १७७६ साल उजाडले. मधली वर्षे मुख्यतः अचूक सिलिंडर मिळत नसल्यामुळे आणि भांडवलाच्या अडचणीमुळे गेली. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात फट राहिली की वाफ निसटते. तोफा कोरण्याच्या कामात मुरलेल्या जॉन विल्किन्सन यांनी सिलिंडर आतून नेमका कोरणारे यंत्र बनवले, तेव्हा वॉट यांच्या कल्पनेला काम करता येईल असे शरीर मिळाले. इंजिनाची कार्यक्षमता तापमानातील फरकावर अवलंबून असते हा विचार सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडला, म्हणजे न्यूकोमेन यांच्या इंजिनानंतर ११२ वर्षांनी. ऊष्मागतिकी ही विज्ञानशाखा इंजिन समजून घेण्याच्या धडपडीतून वाढली.

डबाबंद अन्नाची कथा याच वळणाची आहे. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने काचेच्या बरण्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून बसवली आणि १८१० मध्ये फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचे पारितोषिक मिळवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांड यांनी पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. असे अन्न का टिकते, याचे पटण्याजोगे उत्तर लुई पाश्चर यांच्या १८६० च्या दशकातील कामातून मिळाले. डबा उघडण्याचे खास साधनही १८५० च्या दशकातले आहे. तोवर लोक छिन्नी आणि हातोडी वापरत.

एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी एका आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवीची लस टोचली, तेव्हाही विषाणू ही संकल्पना जन्माला यायची होती. त्या पद्धतीच्या सुधारलेल्या रूपाने देवी रोग पृथ्वीवरून नाहीसा केला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये तसे जाहीर केले.

उलट क्रमाचे, म्हणजे केवळ सिद्धांतातून निघालेल्या वस्तूचे उदाहरण आहे का?

रेडिओ. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणांतून असे निघत होते की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने प्रवास करतात. अशी लहर तोपर्यंत कोणी जाणीवपूर्वक निर्माण केलेली नव्हती. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये ठिणगीच्या साहाय्याने ती निर्माण केली आणि दूरच्या वेटोळ्यातही ठिणगी उमटते हे दाखवले. त्यानंतर अनेकांनी लहरी पकडणारी साधने सुधारली. १८९० च्या दशकाच्या मध्यात जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर केलेले काम इतके पुढचे होते की त्या पट्ट्याचा व्यापक उपयोग विसाव्या शतकात फार उशिरा सुरू झाला. गुग्लिएल्मो मार्कोनी यांनी लांब पल्ला आणि व्यवसाय यांवर लक्ष केंद्रित केले, आणि डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे संकेत पोहोचल्याचे जाहीर केले. समीकरणापासून तिथपर्यंत ३६ वर्षे लागली.

पेनिसिलिन अपघाताने सापडले, असे सांगतात. ते खरे आहे का?

पहिले निरीक्षण योगायोगाचे होते. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सुटीवरून परतलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका काचेच्या ताटलीत बुरशी वाढलेली आणि तिच्या आसपासचे जंतू विरघळलेले दिसले. त्यांनी १९२९ मध्ये त्यावर निबंध लिहिला, परंतु तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा करणे त्यांना साधले नाही आणि विषय जवळपास दहा वर्षे मागे पडला. औषध या अर्थाने पेनिसिलिन ऑक्सफर्डमध्ये तयार झाले, आणि तिथल्या कामात अपघाताचा वाटा फारच थोडा होता.

हॉवर्ड फ्लोरी, एर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांच्या गटाने २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना प्राणघातक मात्रेत जंतू टोचले व त्यांपैकी चार उंदरांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न मिळालेले चारही उंदीर मेलेले होते. युद्धाच्या टंचाईत हीटली यांनी बुरशी वाढवण्यासाठी रुग्णालयातील शौचपात्रांसारखी मिळतील ती भांडी वापरली आणि पुढे त्याच आकाराची चिनी मातीची भांडी खास घडवून घेतली. फेब्रुवारी १९४१ मध्ये पहिल्या रुग्णावर, एका पोलीस शिपायावर, उपचार सुरू झाले. त्याची प्रकृती झपाट्याने सुधारली, पण औषधाचा साठा इतका तुटपुंजा होता की रुग्णाच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून पुन्हा टोचावे लागले. तेही संपले आणि तो रुग्ण दगावला. यानंतर फ्लोरी व हीटली अमेरिकेला गेले. तिथे पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत मक्याच्या प्रक्रियेतून उरणाऱ्या द्रवावर बुरशी जोमाने वाढते हे आढळले, आणि एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक उत्पादन देणारा वाण सापडला. मोठ्या टाक्यांतून उत्पादन सुरू झाले ते या शोधांच्या बळावर.

१९४५ चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले. हीटली यांना ऑक्सफर्डने वैद्यकशास्त्रातील मानद डॉक्टरेट दिली ती १९९० मध्ये. ज्यांच्या हातांनी औषध प्रत्यक्ष गाळून काढले त्यांना मिळालेला हा सन्मान मला फार उशिराचा वाटतो.

सेल्सियसच्या मोजपट्टीवर आधी शून्य म्हणजे उकळणे होते का?

होय. अँडर्स सेल्सियस यांनी १७४२ मध्ये सुचवलेल्या मोजपट्टीत पाणी ० अंशाला उकळत होते आणि १०० अंशांना गोठत होते. १७४४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हा क्रम उलटवण्यात आला आणि आजची पद्धत रूढ झाली.

घड्याळाच्या अचूकतेला विज्ञानाच्या इतिहासात एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण वेळ मोजता आली की अंतरही मोजता येते. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. म्हणून जहाजावर दुपार केव्हा होते हे पाहून, त्याच क्षणी निघालेल्या बंदरात किती वाजले असतील हे कळले, तर आपण किती रेखांश ओलांडले ते ठरवता येते. चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंश, आणि विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर.

ख्रिश्चन हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ तयार केले तेव्हा दिवसाकाठची चूक पंधरा मिनिटांवरून पंधरा सेकंदांच्या आसपास आली. मात्र हेलकावणाऱ्या जहाजावर लंबक निरुपयोगी ठरतो. १७०७ मध्ये सिली बेटांजवळ ब्रिटिश नौदलाची चार जहाजे फुटून हजाराहून अधिक खलाशी बुडाले, आणि १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने रेखांश शोधण्याच्या पद्धतीसाठी २०,००० पौंडांपर्यंतचे पारितोषिक ठेवले. सुतारकाम शिकलेल्या जॉन हॅरिसन यांनी जवळजवळ सारे आयुष्य या एका प्रश्नाला दिले. त्यांचे चौथे घड्याळ मोठ्या खिशातील घड्याळाएवढे होते आणि १७६१-६२ च्या जमैका सफरीत ते अवघे पाच सेकंद मागे पडले. तरीही पैशासाठी त्यांना पुढे अनेक वर्षे झगडावे लागले.

लंबकानंतर क्वार्ट्झ स्फटिक आला. प्रयोगशाळेतील पहिले स्फटिक-घड्याळ १९२७ चे, तर बाजारात आलेले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ डिसेंबर १९६९ चे. आजच्या बहुतेक मनगटी घड्याळांतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे दोनचा पंधरावा घात असल्यामुळे साध्या विद्युतमंडलाने तिला पंधरा वेळा निम्मे केले की नेमका एक सेकंद मिळतो. १९५५ मध्ये सीझियमचे अणुघड्याळ चालू लागले आणि १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९२,६३१,७७० दोलनांवर बसवण्यात आली.

मोबाइलमधील नकाशाला आइन्स्टाइनचा सिद्धांत खरोखर लागतो का?

लागतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या वेगामुळे त्यांवरील घड्याळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, तर तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. एकूण फरक ३८ मायक्रोसेकंदांचा राहतो. एका मायक्रोसेकंदात प्रकाश ३०० मीटर जातो, हे लक्षात घेतले तर हा फरक दुरुस्त न केल्यास दिवसाला दहा किलोमीटरहून अधिक चूक साचत जाईल हे सहज समजते. सामान्य सापेक्षता सिद्धांत १९१५ मध्ये मांडला गेला आणि जीपीएसची यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यरत झाली. हॅरिसन यांचा प्रश्न आणि हा प्रश्न मुळात एकच आहे : आपण कुठे आहोत हे घड्याळावरून ओळखणे.

आगकाडी आधी आली की लायटर?

लायटर. योहान डोबेरायनर यांचा हायड्रोजन व प्लॅटिनमवर पेटणारा दिवा १८२३ चा आहे, आणि घासून पेटणारी काडी जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये विकायला काढली. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांनी पुढे कारखान्यातील कामगारांच्या जबड्याची हाडे सडली. १९०६ मध्ये बर्न येथील आंतरराष्ट्रीय कराराने तो पदार्थ काड्यांतून हद्दपार करण्यास सुरुवात झाली.

फॅक्स टेलिफोनपेक्षा जुना आहे, हे खरे का?

खरे आहे. अलेक्झांडर बेन यांनी १८४३ मध्ये, म्हणजे टेलिफोनच्या ३३ वर्षे आधी, तारेतून प्रतिमा पाठवण्याचे पेटंट घेतले.

उपयुक्त ठरलेला शोध पुढे घातक निघाल्याचे ठळक उदाहरण कोणते?

शीतकपाटातील वायूचे. सुरुवातीच्या शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड व मिथिल क्लोराइड असे विषारी वायू असत आणि गळती झाली तर माणसे दगावत. १९३० च्या सुमारास थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुओरोकार्बन या गटातील, न पेटणारे आणि विषारी नसलेले वायू पुढे आणले, तेव्हा ती खरोखरच सुरक्षिततेची मोठी झेप होती. या वायूंची स्थिरता हाच त्यांचा गुण होता, आणि तोच दोष ठरला : ते न विघटता वातावरणाच्या वरच्या थरापर्यंत पोहोचतात आणि तिथे अतिनील किरणांमुळे त्यांतून सुटलेले क्लोरीन ओझोनचा नाश करते. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हे १९७४ मध्ये मांडले, अंटार्क्टिकावरील ओझोनची घट १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. इशाऱ्यापासून करारापर्यंतची तेरा वर्षे अशा प्रश्नांच्या मानाने थोडी आहेत, आणि त्याचे श्रेय मोजमाप करणाऱ्या शास्त्रज्ञांना मोकळेपणाने द्यायला हवे.

लाल एलईडीनंतर निळ्या एलईडीला तीस वर्षे का लागली?

दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी १९६२ मध्ये बनला. निळ्या प्रकाशासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणे आणि त्यात योग्य प्रकारची अशुद्धी मिसळणे इतके अवघड होते की अनेक संशोधकांनी तो नाद सोडला. जपानमध्ये इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो सोडला नाही, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी तेजस्वी निळा एलईडी तयार झाला. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की डोळ्यांना पांढरा उजेड मिळतो. आजचे बहुतेक पांढरे एलईडी दिवे याच तत्त्वावर चालतात. तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले.

आपल्या शोधाचे पेटंट न घेणारेही होते का?

होते, आणि त्यांच्यामुळे काही वस्तूंचा प्रसार कमालीच्या वेगाने झाला. राँटगेन यांनी क्ष-किरणांवर कोणताही हक्क सांगितला नाही. इन्सुलिनचे पेटंट घेतले गेले, पण फ्रेडरिक बँटिंग यांनी स्वतःचे नाव त्यावर घालण्यास सुरुवातीला नकार दिला आणि संशोधकांनी ते हक्क १९२३ मध्ये टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले, जेणेकरून दुसऱ्या कोणाला या औषधाची मक्तेदारी मिळू नये. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत १९८९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून वर्ल्ड वाइड वेब उभे राहिले, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याचे मूळ सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य वापरण्यासाठी खुले केले. त्या काळात माहिती शोधण्याची आणखी एक पद्धत, गोफर, लोकप्रिय होत होती. तिच्या वापरासाठी काही प्रसंगी शुल्क आकारण्याचा विचार त्याच वर्षी जाहीर झाला आणि वापरणारे मोठ्या संख्येने वेबकडे वळले.